बाकावरचे अण्णा

१

अण्णा हरवलेत हे सगळ्यांत आधी लक्षात आलं ते आत्याच्या, आणि तेही सव्वा वाजता, खाणावळीतल्या वाढप्याने "पाच ताटं ना?" असं विचारल्यावर.

टेबलाभोवती माणसं होती चार. अण्णांचा थोरला मुलगा, त्याची बायको, धाकटा मुलगा आणि आत्या. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. ती सकाळी आठच्या पहिल्याच लाँचने जहाजावरून एकटी किनाऱ्यावर आली होती, कारण तिला बाजार उघडताना बघायचा होता आणि बाकीच्यांचा नाश्ता संपेपर्यंत थांबायचं नव्हतं. ते लोक मागाहून, पावणेदहाच्या लाँचने आले. लाँचवाल्याने चढतानाच आपली छत्री काढून घेतली आणि उतरल्यावर परत दिली, हे आत्या बसल्यापासून दुसऱ्यांदा सांगत होती. ते तिने अर्ध्यावर सोडलं.

"अण्णा कुठे आहेत?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने वहिनीकडे आणि वहिनीने थोरल्याकडे. मग तिघांनीही जवळपास एकदमच विचारलं, "तुमच्याबरोबर नव्हते?"

वाढपी ताटं घेऊन तसाच उभा राहिला.

आता यात घाबरण्यासारखं काय, एवढंसं तर बंदर, असं कुणी म्हणालं असतं. चार गल्ल्या, एक मासळीबाजार, एक चौक आणि एक चौकी. पण धक्का उथळ, म्हणून त्यांचं सहलीचं मोठं जहाज मैलभर बाहेर नांगर टाकून उभं होतं, आणि तिथे परत नेणारी शेवटची लाँच होती साडेचारला. पाचला जहाज निघणार. कुणासाठी थांबणार नाही, हे रोज भोंग्यावरून बजावलं जायचं.

आणि खरी भीती ती नव्हतीच. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सकाळी मधुमेहाची गोळी घ्यायचे, आणि मग एकच्या आत पोटात अन्न गेलं नाही की हात थरथरायला लागायचे, घाम फुटायचा, आणि नंतर शुद्ध हरपायची. गेल्या वर्षी दोनदा झालं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अर्धा तास उशीर केला असतात तर काही खरं नव्हतं. फोन ते बाळगत नसत. साखरेच्या पुड्या सुनेच्या पर्समध्ये.

पंधरा-वीस मिनिटांत सगळे चौकीत होते. हवालदारबाईंनी वही उघडली, चष्मा लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"शेवटचं कुणी पाहिलं त्यांना?"

"मी," असं कुणीतरी म्हणालं, आणि तो आपलाच आवाज आहे हे थोरल्याला जरा उशिरा कळलं.

२

"साडेअकरा वाजता," थोरला म्हणाला. "मासळीबाजारासमोर लिंबाखाली बाक आहे ना, तिथे. दमलो म्हणाले. मी म्हटलं, बसा, आम्ही समोरच्या दुकानात आहोत. काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते."

"कपडे?"

"पांढरा सदरा. राखाडी पँट."

धाकट्यानेही भर घातली. धक्क्यावर उतरल्या उतरल्या अण्णांनीच आमचा फोटो काढला, तेव्हा तर अगदी मजेत होते. सून म्हणाली, साडेदहाला मीच त्यांना पाण्याची बाटली दिली, अर्धी प्यायले. हवालदारबाईंनी सगळं उतरवून घेतलं आणि जहाजावर फोन लावला. जहाजाच्या दारात येता-जाता प्रत्येकाचं कार्ड यंत्रावर टेकवतात, त्याची नोंद संगणकात राहते. उत्तर लगेच आलं. अण्णांचं कार्ड नऊ चाळीसला बाहेर पडलेलं. परत आल्याची नोंद नाही.

"म्हणजे गावातच आहेत," बाई म्हणाल्या. "मासळीबाजारापासून सुरुवात करू. दोन माणसं देते. दमलेला म्हातारा माणूस कितीसा लांब जाणार?"

थोरल्याने मान डोलवली. बाहेर आल्यावर त्याने चौकीच्या भिंतीला टेकून घाम पुसला, कारण आत्ता सांगितलं त्यातलं बाकाशिवाय काहीही खरं नव्हतं.

झालं होतं ते असं. साडेअकराला शालींच्या दुकानातून बायकोने हाक मारली होती, "अण्णा कुठे आहेत हो?" थोरला फोनवर होता. ऑफिसातल्या कुणाशी तरी एका कागदावरून हुज्जत चालली होती. त्याने मान न वळवता हात हलवला आणि म्हणाला, "बसलेत ना तिकडे बाकावर." बाक समोर दिसत होता म्हणून तोंडात आला. त्यावर कुणी बसलंय का, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

चौकीत त्याला वाटलं, तेच वाक्य पुन्हा म्हणून मोकळं व्हावं. पण बाई विचारत गेल्या आणि तो दमलेपण, सदरा, काठी एकेक जोडत गेला. नंतर तर त्याला अण्णा खरोखरच त्या बाकावर दिसायला लागले. त्याने मनाची समजूत घातली. अण्णा गावात तर आहेतच, या बाकावर नाही तर त्या. एवढ्याने काय बिघडतंय?

तासाभरात त्याने बाजारातला एकूण एक गाळा पालथा घातला, दोन देवळांच्या ओवऱ्या पाहिल्या, न्हाव्याच्या दुकानात डोकावला. पांढऱ्या सदऱ्यातले काठीवाले आजोबा कुणीच पाहिले नव्हते. एक नाही, दोन नाही, एवढ्या रिकामटेकड्या गावात कुणीच नाही.

चौकात परत आला तेव्हा आत्या एका पायरीवर बसून धाकट्याचा मोबाइल बघत होती.

"हा फोटो कुणी काढला म्हणालास?" ती विचारत होती.

३

आत्याने सदतीस वर्षं एका मालवाहतूक कंपनीत हरवलेल्या पार्सलांचं खातं सांभाळलं होतं. शेवया वळाव्यात तसं ती माणसाच्या बोलण्यातून खरं ओढून काढायची, आणि तेही आवाज न चढवता. घरात तिची चेष्टा चालायची, की आत्याला नमस्कार केला तरी ती पावती मागते.

"अण्णांनी काढला," धाकटा म्हणाला.

"यात तुम्हा तिघांनाही डोकी आहेत."

"म्हणजे?"

"तुझ्या बारशाचे फोटो अण्णांनी काढले होते. त्यात एक पाळणा आहे आणि सहा बायकांचे पदर आहेत. चेहरा एकही नाही. चाळीस वर्षांत त्या माणसाला एक डोकं फोटोत धरता आलं नाही, आणि आज एकदम तीन?"

धाकट्याने ओठ चावला. "एका टोपीवाल्या माणसाने काढला. आमच्याच जहाजावरचा होता. मला वाटलं, अण्णा मागून उतरत असतील. मी मागे वळून बघितलं नाही, आत्या. आणि चौकीत सगळे काही ना काही सांगत होते..."

"म्हणून तूही सांगितलंस." आत्या सुनेकडे वळली. "सूनबाई, तुझी पिशवी उघड जरा."

सुनेने पिशवी उघडली. सकाळी जहाजावरून घेतलेल्या दोन बाटल्या त्यात होत्या. दोन्हींची झाकणं अजून सीलबंद होती.

"अर्धी कुठली प्यायले मग?"

सून खाली बसली. "सासऱ्यांना दिवसभरात पाणीसुद्धा विचारलं नाही असं म्हणाल तुम्ही सगळे. मुलगे विसरले तर चालतं, सून विसरली की बोट दाखवतात. मला वाटलं, हे देतील. आणि साडेअकराला हे म्हणाले, बाकावर बसलेत. मग मी निर्धास्त झाले."

"मी तुम्हाला दोष देत नाहीये," आत्या म्हणाली, पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता. "आमच्या खात्यात एक पद्धत होती. पार्सल कुणी पाहिलं हे विचारायचं नाही. पाहिल्याचं सगळेच सांगतात. शेवटी हातात कुणाच्या होतं, ते विचारायचं. धक्क्यावर अण्णा धाकट्याच्या हातात नव्हते. साडेदहाला सुनेच्या हातात नव्हते. राहिलं काय? बाक."

तिने थोरल्याकडे पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही.

थोरल्याला वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर त्याने सांगून टाकलं असतं, असं त्याने नंतर स्वतःला कितीदा तरी बजावलं. पण आत्या उठली, छत्री उघडली आणि धक्क्याच्या दिशेने चालायला लागली. पावणेतीन झाले होते. अण्णांच्या जेवणाची वेळ टळून पावणेदोन तास झाले होते, आणि थोरला मूग गिळून तिच्या मागोमाग गेला.

४

लाँचवाला दोर गुंडाळत होता. जाडजूड, खाऱ्या वाऱ्याने रापलेला, आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना कंटाळलेला. पण आत्याला त्याने ओळखलं.

"छत्रीवाल्या बाई. परत देऊनसुद्धा रागावलेल्या."

"रागावले नव्हते. तू सगळ्यांचीच घेतोस का?"

"सगळ्यांची. काठ्या, छत्र्या, कुबड्या. लाट आली की टोक शेजारच्याच्या डोळ्यात जातं. एकदा गेलंय, तेव्हापासून पाय ठेवायच्या आधी काढून घेतो आणि त्या नळकांड्यात उभी करतो." त्याने लाँचच्या पुढच्या टोकाला बांधलेलं पत्र्याचं नळकांडं दाखवलं. "धक्क्यावर उतरलात की ज्याची त्याला."

"पावणेदहाच्या फेरीला त्यात किती होत्या?"

"एकही नाही. मुलाबाळांची फेरी होती ती, सगळे धडधाकट. मी ते नळकांडं उलटं करून पाणी काढलं, म्हणून आठवतंय."

"एक आजोबा होते. पांढरा सदरा," धाकटा म्हणाला.

"काठीशिवाय?"

"काठीशिवाय ते दहा पावलं चालत नाहीत," आत्या म्हणाली. "आणि ह्याने तर चौकीत सांगितलंय, की बाकावर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते." आता ती थोरल्याकडे पूर्ण वळली. "ती काठी आली कुठून?"

काठी.

सकाळची रांग थोरल्याला आठवली. जहाजाच्या तळमजल्यावर, दाराकडे सरकणारी. तो फोनमध्ये डोकं घालून उभा. कोपराला कुणाचा तरी हात लागला होता, आणि अण्णांचा आवाज, नेहमीसारखा जरासा संकोचलेला: "काठी केबिनमध्येच राहिली रे. घेऊन येतो. थांबा हं." आणि त्याने, स्क्रीनवरून नजर न काढता, "हं" म्हटलं होतं.

तेवढंच. त्याने हं म्हटलं होतं, पुढचा मेसेज आला होता आणि रांग सरकली होती. पुढे दिवसभरात ते वाक्य एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"मी त्यांना बाकावर पाहिलं नाही," तो म्हणाला. लाँचवाल्याने दोर खाली ठेवला. "मी त्यांना इथे कुठेच पाहिलं नाही. ते लाँचमध्ये चढलेच नाहीत, आत्या. काठी आणायला गेले होते. मला सांगून गेले होते."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"पण मग कार्ड?" धाकटा म्हणाला. "कार्ड बाहेर पडलंय ना त्यांचं?"

५

"कार्डं कुणाकडे होती?" आत्याने विचारलं.

सुनेने गळ्यातली कापडी पिशवी काढली. रबर लावलेली चार कार्डं. धाकट्याने पहिल्याच दिवशी आपलं कार्ड हरवून जहाजाच्या कचेरीत अर्धा दिवस घालवला होता, तेव्हापासून सगळ्यांची कार्डं वहिनीकडे. गावाला जाताना सगळ्यांची तिकिटं एकीनेच धरावीत तशी. आत्या तेवढी आपलं कार्ड कुणाच्या हाती देत नसे.

"दारावर काय केलंस? आठवून सांग."

"गठ्ठाच दिला त्याच्या हातात. लाँचवाला शिट्टी मारत होता, मागून लोक ढकलत होते. त्याने भराभर चारही टेकवली. मग म्हणाला, तिघंच दिसताय. मी म्हटलं, सासरे मागून येताहेत. मला खरंच वाटलं, येताहेत."

"आणि त्याने सोडलं."

"सोडलं."

आत्याने मान हलवली. "आमच्याकडे हेच व्हायचं. पोत्यावर कुणीतरी चार लिहायचं. आत तीन असली तरी पुढचा प्रत्येकजण चारावर सही करत जायचा, कारण आधीच्याने केलेली असायची. आज पोत्यावर पहिली सही कार्डाच्या यंत्राची, मग फोटोची, मग बाटलीची, मग बाकाची." तिने उगाच कुणाकडे पाहिलं नाही. "अण्णांनी जहाज सोडलेलंच नाही. आणि जहाजावर त्यांना कुणी शोधणार नाही, कारण कागदोपत्री ते गावात आहेत."

हवालदारबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी तिथूनच जहाजावर फोन केला आणि केबिन उघडायला लावली. उत्तर येईपर्यंत थोरला धक्क्यावरच्या लोखंडी खुंटीला धरून उभा होता. बाईंनी फोन कानापासून दूर केला.

"केबिन रिकामी आहे. न्हाणीघरही पाहिलं. काठी पण नाही."

थोरल्याच्या डोळ्यांसमोर नको ते उभं राहिलं. रिकामं पोट, थरथरते हात, जहाजाचे ते उंच कठडे आणि खाली पाणी. चौकीतच त्याने खरं सांगितलं असतं तर आत्याला काठीपर्यंत पोचायला तास लागला नसता. बाकावरच्या अण्णांना शोधण्यात खरे अण्णा राहून गेले होते.

"काठी नाही म्हणजे ते केबिनपर्यंत पोचले, काठी घेतली आणि परत निघाले," आत्या म्हणाली. तिचाही आवाज आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. "दारापर्यंत मात्र गेले नाहीत. गेले असते तर सिक्युरिटीवाल्याला चूक कळली असती. मध्येच कुठेतरी थांबलेत. का थांबले ते मला माहीत नाही. पण माझा भाऊ आहे तो. रुसला की जेवत नाही, आणि वाट बघायला बसला की जागचा हलत नाही."

"कुठे बसतील?"

"लाँच येताना दिसेल अशा जागी. लाँच सोड रे बाबा."

६

जहाजाच्या तळमजल्यावरच्या दारापासून एक जिना वर जातो. त्याच्या पहिल्या वळणावर एक दार आहे, आणि दाराबाहेर अरुंदसा सज्जा, बंदराच्या बाजूचा. जादाच्या खुर्च्या तिथे एकावर एक रचून ठेवतात. त्या खुर्च्यांच्या आडोशाला, एका खुर्चीवर अण्णा बसलेले सापडले. दोन्ही हात काठीवर होते आणि काठी टकटक वाजत होती, कारण हात थांबत नव्हते. सदरा घामाने चिंब झाला होता. थोरल्याने हाक मारली तेव्हा त्यांनी पाहिलं, पण ओळखायला जरा वेळ लागला.

सुनेने साखरेच्या पुड्या फोडल्या. जहाजाचे डॉक्टर धावत आले, बोटाला सुई टोचली, काहीतरी पाजलं आणि आणखी थोडा वेळ गेला असता तर, असं म्हणून पुढचं बोलायचं टाळलं. वीस मिनिटांनी हात थांबले. सज्ज्यावर चहापाणी देणारा एक पोक्त वेटर होता. तो ओशाळून सांगू लागला, की दोनदा जेवायला बोलावलं, दोन्ही वेळा म्हणाले, मुलं येताहेत, त्यांच्याबरोबर बसतो.

आत्याने ताट मागवलं. सून पदराने अण्णांचा चेहरा पुसत होती.

"चुकामूक झाली, अण्णा," ती घाईने म्हणाली. "केवढी गर्दी होती."

"हो," अण्णा म्हणाले. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "मी काठी घेऊन जिन्यापर्यंत आलो तेव्हा लाँच सुटत होती. इथून दिसली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती तुम्हाला. पण म्हटलं, नको. काल जेवताना तुमचं बोलणं चाललं होतं ना, माझ्या चालीने गाव बघून होणार नाही म्हणून. म्हटलं, मुलांनी ठरवूनच केलं असेल. खरंही आहे ते. मग खाली जाऊन दारावरच्या त्या माणसासमोर तुमची शोभा कशाला करायची? इथेच बसलो." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "ठरवूनच गेलात ना? मला राग नाही रे."

थोरल्याला वाट मोकळी करून दिली होती. हो म्हटलं की भागत होतं. तुम्हाला उन्हाची दगदग नको म्हणून, असं पुढे जोडलं की ते चांगलंही दिसलं असतं. धाकटा त्याच्याकडे आशेने बघत होता. बायकोनेसुद्धा मान किंचित हलवली. सकाळपासून त्याला खोटं किती सहज सुचत होतं, आणि हे तर अण्णांनी स्वतःच त्याच्या हातात ठेवलं होतं.

तो अण्णांसमोर खाली बसला.

"नाही अण्णा. ठरवून नाही. तुम्ही मला सांगून गेलात, थांबा म्हणालात. मी हं म्हटलं आणि विसरलो. सव्वा वाजेपर्यंत तुमची आठवणच नव्हती मला. मग पोलिसांना खोटं सांगितलं, की तुम्हाला बाकावर पाहिलं. म्हणून सगळे गावात शोधत राहिले, आणि तुम्ही इथे उपाशी."

खाली शेवटच्या लाँचमधून लोक वर चढत होते, हसत-खिदळत, पिशव्या सांभाळत.

"ठरवून असतं तर बरं होतं रे," अण्णा म्हणाले. "ठरवायला निदान माणूस डोक्यात असावा लागतो."

आत्याने ताट त्यांच्यापुढे सरकवलं. अण्णांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. थोरला तसाच जमिनीवर बसून राहिला. त्याला ऊठ असंही कुणी म्हणालं नाही, आणि बस असंही नाही.